तिसऱ्या फेसापर्यंत

रुस्तावीच्या गाड्यांच्या बाजारात, सातव्या फाटकापाशी,
लामारा टायर धुते.
फक्त टायर.
काचा, बॉनेट, आतल्या गाद्या ही आम्हा पोरांची कामं.
पोतीच्या बंदरातून गाड्या येतात,
काचेवर अमेरिकेतल्या लिलावाचा आकडा तसाच,
आणि टायर तपकिरी,
उकळून उकळून तळाशी उरलेल्या चहासारखे.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, चिखल दिसतोय.
ती म्हणाली, बोट लाव.
लावलं. बोटाला पिवळट भुकटी, कोरडी.
"बाहेरून आलेला असता तर पाण्यानं गेला असता, वाखो.
हा आतून येतो.
कारखान्यात रबरात औषध कालवतात,
हवेनं तडकू नये म्हणून.
ते हळूहळू चालत येतं सालीपर्यंत,
हवेचा वार अंगावर घेतं
आणि तांबूस होऊन पडून राहतं.
तू मळ म्हणतोस ना,
ते पहारेकरी आहेत.
रात्रपाळी संपलेले."

मग बादली ओढली.
उन्हानं तापलेला टायर धुवायचा नाही,
साबण वाळला की डाग पक्का.
आधी नुसतं पाणी,
मग फवारा, दोन मिनिटं थांब,
मग जाड केसांचा ब्रश, कंपनीच्या नावाच्या
एकेका अक्षराच्या खोबणीतून.
पहिला फेस कॉफीचा.
दुसरा पिवळट, हट्टी.
तिसरा पांढरा आला की हात आवर.
"आत अजून जागे आहेत काही.
त्यांना कशाला खरवडतोस?"

बाद्रीला हे पटत नाही. गाड्या त्याच्या.
तो तेलाचा डबा आणून आपटतो,
"चमकव! गिऱ्हाईक आधी चाकं बघतं."
तेल लावलं की टायर लग्नातल्या बुटांसारखे,
आणि तिसऱ्या दिवशी
पोलाद कारखान्याची सगळी धूळ त्यांच्यावर.
बाद्री जेवायला गेला की
लामारा दुसरी बाटली काढते, दुधासारखी पातळ,
पाण्यात कालवलेली,
जुन्या स्वेटरच्या बाहीनं लावते,
आणि उरलेलं पुसून घेते.
"बाहीवर उतरलं तर जास्त झालं."

नोव्हेंबरात एक राखाडी गाडी आली.
कुणाच्या तरी गॅरेजात तीन वर्षं उभी.
टायर असे काळे की बाद्रीनं बोटांची चिमूट ओठांना लावली.
एक डाग नाही. धुवायची गरज नाही.
लामारानं गुडघा टेकला, कडेला अंगठा दाबला,
आणि रबर उघडलं,
केसांएवढ्या भेगा,
उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या, चारीकडून चारी चाकांना.
"चाक फिरलं, दबलं, वळलं, की आतलं वर येतं.
उभ्या गाडीचं आतच राहतं."
एवढं बोलून ती बराच वेळ उठली नाही.
मला वाटलं, गुडघा धरला.

ओमारीला मी एकदाच पाहिलंय, तिच्या नवऱ्याला.
भट्टी बंद झाली तेव्हापासून
पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत.
बोलत नाही, भांडतही नाही.
अंगावरचा शर्ट इतका स्वच्छ
की बघवत नाही.

त्या रविवारी बाजार बंद.
मी पुलावर पाव आणायला गेलो होतो,
तर समोरून त्यांची जुनी पांढरी लाडा,
ताशी वीसनं.
चालवत होता तो.
ती शेजारी, मांडीवर हात, समोर बघत.
मत्क्वारीच्या काठानं खाली गेले,
वळले, परत आले,
पुन्हा खाली गेले.
पाव गार होईस्तोवर मी मोजलं:
चार फेऱ्या.
चौथ्या फेरीत काच खाली होती
आणि तो
रस्त्यातल्या खड्ड्यांवरून
मोठमोठ्यानं कुणाला तरी शिव्या देत होता.

सोमवारी तिनं मला लाडाचे टायर दाखवले.
कडेला बारीक तपकिरी रेघ, नुकती उमटलेली.
मी ब्रश उचलला.
"राहू दे," म्हणाली, "आजच्या दिवस."