भाडेपट्टी व कर

बेलापूरला, सातव्या मजल्यावर,
साडेअकराची बैठक बारा दहाला सुरू झाली.
मी समितीची प्रतिवेदक. बोललेलं उतरवते,
हाताला मत नसतं.

खिडकीबाहेर खाडी. ओहोटीच्या चिखलात
रोहित उभे, एकेका पायावर,
जागेचं भाडं न भरता.

उपसचिव देवस्थळी समजावत होते
इमारत कशी परवडली ते.
बांधणार विकासक, वापरणार आपण,
बावीस वर्षं दर तिमाहीला हप्ता,
मग शेवटी एक रुपया टेकवला
की चाव्या आपल्या.
"म्हणजे रुपयात सात मजले!" कोणीतरी म्हणालं.
मी कंसात लिहिलं : हशा.

टेकामबाई हसल्या नव्हत्या.
अंगठा ओला करून त्या अंदाजपत्रक उलटत होत्या,
वर्गात हजेरी घेताना उलटत असतील तशा.
"हे कर्ज कुठल्या पानावर?"
"कर्ज नाही, बाई. भाडं आहे.
उद्दिष्ट चौदा, भाडेपट्टी व कर."
"भाड्याच्या घरात माणूस म्हातारा होतो, साहेब,
घर काही त्याचं होत नाही.
हे होणार म्हणता, मग भाडं कसं?"

नरहरी भोईरनं चहा ठेवला.
कॅलेंडर त्यानं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलंय,
कारण कलम एकोणीस :
मालकाच्या लेखी परवानगीशिवाय
भिंतीत खिळा मारू नये.
शासनाचे सगळे महिने फरशीवर उभे.

"जमीन कोणाची?"
"आपलीच. त्यांना नाममात्र एक रुपयानं..."
"रुपयानं दिली, रुपयानं परत घेणार.
मधल्या बावीस वर्षांची बेरीज?"
बेरीज फाइलीत नव्हती.
शांततेला लघुलिपीत खूण नाही.
मी पेन्सिल उचलून धरली.

"सभागृहापुढे कधी आलं?"
"पुरवणी मागण्यांत. पान दोनशे अकरा."
"त्या दिवशी मागण्या किती होत्या?"
"एकशे चौतीस."
"आणि वेळ?"
देवस्थळींनी पाण्याचा ग्लास फिरवला.
मला ठाऊक होतं. त्या दिवशी पाळी माझीच होती.
चाळीस मिनिटं. मंजूर, मंजूर, मंजूर,
इतक्या वेळा की खुणेची नुसती रेघ झाली,
आणि त्या रेघेत कुठेतरी ही इमारत गेली,
लिफ्टसकट, माझ्या हातून.

मग बाई हळू बोलल्या, पुढं वाकून ऐकावं लागलं :
"आमच्याकडे मुलींचं वसतिगृह आहे, भाड्याचं.
सात महिने भाडं थकलं,
मालकानं न्हाणीघराला कुलूप घातलं.
मुली पहाटे ओढ्यावर जातात.
तेही चौदामध्येच ना?
इथला हप्ता कधी थकला?"
"नाही. तशी बँकेला हमी आहे."

वृत्तांत दुरुस्तीला गेला, नवव्या दिवशी परत आला.
हिरव्या शाईनं 'कर्ज' तीन जागी खोडलेलं,
वर सुवाच्य अक्षरात 'दायित्व'.
'बेरीज फाइलीत नाही'च्या जागी
'माहिती संकलित करण्यात येत आहे'.
वसतिगृहाचा परिच्छेद तिरप्या रेघेखाली :
विषयाशी संबंधित नाही.

बाईंची प्रत दोन दिवस उशिरा आली, टपालानं, घडी मोडलेली.
स्वतःच्या बोलण्यात एक काना बदलला नव्हता.
फक्त समासात, निळ्या बॉलपेननं,
शाळामास्तरणीच्या गोल अक्षरात :
न्हाणीघर परत घ्यावे.