काडी

दरवाजाचं चाक अठरा फेऱ्यांत पूर्ण उघडतं.
अकरा वर्षं मी ते फिरवतोय,
समुद्रापासून चार हजार मीटर वर,
जिथे जुलैत लोखंड तळहाताची साल मागतं.
खाणीकडची नदी फुगली की फोन येतो:
फोर्तुनातो, चार फेऱ्या.
मी चार फिरवतो.
गंजाच्या रंगाचं पाणी सरोवरात शिरतं
आणि थोड्याच अंतरावर निळं दिसायला लागतं.
निळं दिसायला लागलं की मी घरी जातो.

माझी एदेल्मिरा दर शनिवारी
आताचाग्वा मास्तरांबरोबर लव्हाळ्यात उतरते,
माझेच बूट, आत तीन मोजे.
एनॅमलच्या ताटात दहा बेडूकमासे घेते,
इचू गवताची एक काडी मोडते
आणि हळूच शेपटीला लावते.
एवढाच प्रयोग.

ठणठणीत असेल तर तो
धनुष्यासारखा वाकतो नि सुटतो
पार ताटाच्या कडेवर आपटेपर्यंत.
काडी म्हणजे चोच,
हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दरवाजाजवळचे मात्र
एक, डाव्या कुशीवर कलून, जागीच गोल गोल.
एकाच्या शेपटीला मध्येच कोपर फुटल्यासारखं.
एकाला दोन हिवाळे झाले, पाय नाहीत अजून.
आणि एक, ज्याला ती दोनदा काडी लावते,
तो हलतो, पण उशिरा,
लांबच्या खोलीतून कुणी
"काय?"
असं विचारावं तसा.

तेवढ्या उशिरात पाणकोंबडी जेवून घेते.

सिल्वेरिया, माझी बायको, म्हणते,
तिच्या लग्नाआधी हे बेडूक ताटभर असायचे,
ती बाजारात डझनावर विकायची, सुपासाठी.
आता ती ट्राउट विकते. टोपलीवर ओलं फडकं.
कुठल्या पाण्यातला, असं गिऱ्हाईक विचारतं
तेव्हा ती फडकं नीट करते.

कंपनीचा साहेब परवा म्हणाला,
तुझी पोरगी काड्या घालत फिरते म्हणे.
मी म्हटलं, काड्या नाही साहेब, एकच.
आणि तीही गवताची.
तो हसला. मीही हसलो.
घरी येईपर्यंत ते हसू तोंडातून जाईना.

रात्री वही उघडीच होती टेबलावर.
तारीख. ठिकाण. काडी लावली: दहा. पळाले: तीन.
दहा. दोन.
दहा. शून्य.
शेवटी एक रकाना, वर लिहिलेलं: दरवाजा.
खाली कोरं. आठवड्यांमागून आठवडे कोरं.
तिने मला कधी विचारलं नाही.
आमच्याकडे जेवताना बटाट्यावर बोलतात,
लामांच्या खुरांवर, चुलत्याच्या पाठीवर.
बाकी अळीमिळी गुपचिळी.

मी पेन्सिलीला टोक केलं.
मंगळवार, पहाटे तीन, चार फेऱ्या.
शुक्रवार, रात्री अकरा, सहा.
ऑफिसच्या नोंदवहीत असतं तेच,
फक्त इथे त्याच्या शेजारी
तो तीन होता, तो दोन, ते शून्य.
माझं अक्षर तिच्या अक्षराशेजारी
फारच मोठं वाटत होतं.

ती सकाळी काही बोलली नाही.
बूट माझ्यासमोर ठेवले, स्वतः अनवाणी बसली काठावर,
म्हणजे आज मी उतरायचं.

पाणी पोटऱ्यांना आवळून धरणारं.
मास्तरांनी ताट धरलं.
एदेल्मिराने काडी माझ्या बोटांत दिली,
ज्या बोटांना चाकाखेरीज काही धरता येत नाही.
मी लावली. काही नाही.
पुन्हा लावली.
सरकला! मी ओरडलो, सरकला, बघ!
लव्हाळ्यातून दोन पक्षी उडाले.

ती वाकून बराच वेळ बघत राहिली.
नाही बाबा, म्हणाली,
तुझा हात थरथरला. पाणी हललं.

आणि तिने काडी परत मागितली.