दोघांचं वजन

कुडाळच्या शोरूममधला पोरगा विचारतो,
चालवणार कुठे, काका?
पुळणीवर की सड्यावर?
पुळणीवर तीनशे सीसी पुष्कळ झाली,
ओली वाळू म्हणजे डांबरच.

मी मनात मांडतो:
माझे बहात्तर किलो,
शेणखताची गोण, कोयता, पाण्याचा कॅन.
आमच्या कोचऱ्याची घाटी जांभ्याची, उभी,
मध्ये एक वळण असं
की रिकामी बैलगाडीही तिथे
थांबून विचार करायची.

आणि मागे कोण बसणार?

सुगंधा कॅटलॉग उलटा धरून बसलेली.
छप्पन, म्हणाली.
लग्नात होतं तेवढं.
पोराने लिहून घेतलं.
मी पंख्याकडे बघितलं.

गुडघे धरल्यापासून तीन मोहर येऊन गेले,
ती वरच्या बागेत आलेली नाही.
कुठल्या कलमाला किती धरलंय
ते मीच खाली येऊन सांगतो
आणि तिला ते खरं वाटत नाही.

पाचशे सत्तरची घ्यावी
तर होडीच्या मशीनचा हप्ता अजून फिटायचाय.
चारशेची घ्यावी
तर वळणावर एकाने उतरायचं.
तो एक कोण,
हे तिघांनाही कळलं,
पोराने पेनाचं टोपण लावलं.

येतो विचार करून, म्हटलं.

एसटी चढाला लागली.
ड्रायव्हरने दुसरा टाकला,
काचा थरथरल्या,
कुणाची तरी नारळाची पिशवी मागे घरंगळत गेली.
सुगंधा खिडकीबाहेर बघत होती.

"अडसष्ट," ती म्हणाली.
"काय?"
"वजन. फोन कर तेका."