हो जी

मे महिना. वर्धा रोडवरच्या कारागृहात
मुलाखतीच्या खोलीतला कूलर नुसता आवाजापुरता,
खस वाळून काड्या झालेली.
हेमराज सोनकुसरे, वय बावीस, राहणार तांडापेठ,
खुर्ची दिली तर टोकावर बसला,
आताच कोणी उठवेल अशा बेतानं.

मी गोष्ट वाचून दाखवते. चाचणीतली.
एक बाई बँकेतून पैसे काढून निघते,
बर्डीवर दोघं तिची पर्स ओढतात, ती ओरडते,
पानठेल्यावरचा माणूस धावत येतो. संपली.
"आठवतं तेवढं सांग."
"बाई होती जी. पर्स होती. पानठेलेवाला."
कमी, पण खरं.

मग प्रश्न, अठरा. त्यातल्या तेरांना गळ लावलेला,
हे मला माहीत, कागदाला माहीत.
"कुत्रं भुंकलं म्हणून चोर पळाले का?"
गोष्टीत कुत्रं नाही.
"हो जी."
"त्यांची गाडी काळी होती की लाल?"
गाडीही नाही.
"लाल जी."

नियमाप्रमाणे इथे आवाज कडक करायचा:
बऱ्याच चुका केल्यास. पुन्हा विचारते. नीट सांग.
चुका किती, ते महत्त्वाचं नाही,
माणूस किती हलतो ते बघायचं.
तो हलला. लाल गाडी काळी झाली.
कुत्र्याला रंग आला, तपकिरी,
मग त्याचा एक कान फाटका निघाला.
एकदा तर कूलरमुळे मला ऐकूच आलं नाही,
मी नुसतं "काय?" म्हटलं
आणि त्यानं उत्तर बदललं.

आकडे भरताना पेन अडतं.
आमच्याकडे "हो जी" म्हणजे काय काय असतं.
ऐकलं. तुम्ही मोठे. पाणी आणू का.
रागावू नका.
कधीकधी, हो.
रकाना बोटभर रुंद आहे.

त्याच्या कबुलीजबाबात मात्र एकही जी नाही.
"मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय कथन करतो की"
स्वखुशी म्हणजे काय रे, मी विचारलं.
"माह्या बहिणीच्या पोरीचं नाव हाय जी, खुशी."

मॅजिस्ट्रेटनी विचार करायला चोवीस तास दिले होते.
काय विचार केलास?
"साहेब विचारतीन तं काय सांगाचं,
थेच पाठ केलं जी."

सळाख कुठे टाकली, नाल्यात की नदीत?
नदीत जी.
तीन दिवस नाग नदी उपसली.
शिलाई मशीनचं चाक निघालं, देवांच्या फुटक्या तसबिरी,
प्लास्टिकचा घोडा, कोणाचा तरी चष्मा.
मग पंचनाम्यात आलं: वाहून गेली असावी.
एप्रिलमध्ये. त्या गाळात. लोखंड.
त्यालाही तो हो म्हणाला.

त्यानं मारलं की नाही, हे माझी चाचणी सांगत नाही.
मीही सांगू शकत नाही.
गोळीबार चौकातला तो म्हातारा दुकानदार
कोणाच्या तरी हातून मेला आहे,
आणि त्याची मुलगी दर तारखेला येते,
डबा घेऊन, न उघडता परत नेते.

त्या दिवशी जेलच्या फाटकाबाहेर
कडुलिंबाखाली एक कुत्रं धापा टाकत पडलं होतं.
मी आधी त्याचा कान बघितला.

ऑगस्टमध्ये साक्ष. सिव्हिल लाइन्स, दुसरा मजला.
सरकारी वकील चांगले गृहस्थ, आवाज मऊ:
"म्हणजे मॅडम, पोलीस खोटं बोलतात, असं तुमचं म्हणणं.
हो की नाही?"
मी म्हटलं, तसं नाही, ही चाचणी
"फक्त हो की नाही."
थांबले. चष्मा पुसला.
"तुमचा गोंधळ होतोय. परत विचारतो."

घसा कोरडा. दोन अक्षरं अगदी ओठांवर,
लहानपणापासून तिथेच राहणारी.
मी वळून बघितलं.
पिंजऱ्यात हेमराज,
प्रश्न मला होता,
मान तो हलवत होता.