अठरा अंगुळं

पेपर चौथा : प्राचीन संगीत आणि त्याचा प्रयोग.
वर्गात आम्ही चौघं. पाचवा पंखा.
धानोरकर मॅडम फळ्यावर लिहितात :
वेळू सरळ असावा, गाठ नसलेला,
कीड नसावी, चीर नसावी.
हे सगळं पोथीत आहे.
पोथी म्हणजे पोथीच्या झेरॉक्सची झेरॉक्स,
तिच्या ओळींवर कधीकाळी पान धरणाऱ्या
कुणाच्या तरी अंगठ्याची काळी सावली.

दुपारी आम्ही विद्यापीठामागचा डोंगर चढतो.
लेण्यात नाचणारी एक बाई,
तिच्याभोवती वाजवणाऱ्या बायका.
एकीच्या ओठांशी आडवा वेळू
आणि बोटांच्या जागी
नुसता गुळगुळीत दगड.
मुदस्सिर टॉर्च धरतो, मी पट्टी.
रखवालदार म्हणतो, हात लावायचा नाही.
मी लावत नाही,
हवेतच मोजते.

विश्वंभरनं किनवटहून वेळू आणला,
एसटीत उभा करून.
कंडक्टरनं त्याचंही अर्धं तिकीट फाडलं.
अंगुळ म्हणजे एकोणीस मिलिमीटर,
असं तळटीप म्हणते.
तळटिपेवर विश्वास ठेवून
होस्टेलच्या गच्चीवर सळई तापवून
मी भोकं पाडली.
फुंकलं,
तर मेसमधल्या कुकरनं
लाजून शिट्टी आवरती घ्यावी, असा आवाज.

रात्री अण्णांचा फोन.
जुन्या जालन्यात त्यांचा बँड,
लग्नसराईत गळ्यापर्यंत काम, एरवी पंक्चरचं दुकान.
काय शिकायलीस गं सध्या?
म्हटलं, आठशे वर्षांमागं कसं वाजवायचे, ते.
पलीकडं कुणीतरी ढोल ताणत होतं.
आम्हाला तर मागच्या साली
काय वाजवलं ते आठवंना, अण्णा म्हणाले.
मग मी अंगुळांचं सांगितलं.
ते बराच वेळ गप्प. मग :
अंगुळ कुणाचं धरलंस?
म्हणजे?
बोट कुणाचं गं? लिहिणाऱ्याचं का वाजवणाऱ्याचं?
लहानपणी माझं क्लॅरनेट धरलंस
तर बोट पोचंना म्हणून रडली होतीस.
क्लॅरनेटची चूक होती का ती?

दुसरा वेळू मी माझ्या बोटानं मापला.
मधलं पेर, टोक, पुन्हा मधलं पेर.
माझी अठरा अंगुळं
मुदस्सिरच्या सोळातच संपतात.
त्यानं हसून स्वतःचा हात खिशात घातला.

या वेळी वाजलं.
कसं, ते नीट सांगता येत नाही.
पेटीच्या काळ्या आणि पांढऱ्या पट्टीमधल्या फटीत
जिथं धूळ साचते,
तिथं कुठंतरी माझा गंधार होता.
मॅडमनी आधी पेटीवर तो शोधला,
दोनदा शोधला,
मग पेटीचं झाकण लावून टाकलं.
हे असंच होतं तेव्हा, असं त्या म्हणाल्या नाहीत.
नव्हतं, असंही नाही.

तोंडी परीक्षेला नांदेडचे सर.
पुरावा काय याला?
झेरॉक्स होती, फोटो होते, एकोणीस पानं टिपा.
मी टेबलावर हात ठेवला, पालथा.
त्यांनी आधी माझ्या बोटांकडं पाहिलं,
मग, चोरून, स्वतःच्या.
सत्तरपैकी एकेचाळीस दिले.

मे महिन्यात रिकाम्या खोलीत
पारा त्रेचाळीस.
बासरी आपोआप तडकली,
तोंडापासून चौथ्या भोकापर्यंत.
आवाज लहानच, हरभऱ्याचा घाटा फुटावा तेवढा.
मी झोपेतून उठून बसले.
चीर नसावी.
वहीत किती वेळा उतरवलं होतं हे वाक्य,
पहिल्या मार्कासाठी.
आज कळलं, त्याचीही तडकली असणार,
इथल्याच कुठल्यातरी उन्हाळ्यात,
आणि तोही असाच
हातात दोन फाका घेऊन
थोडा वेळ बसला असेल,
लिहायला घेण्याआधी.