अंगी लागणं

चौदा टाक्या. पहाटे पाचला मी दिवा लावते
तेव्हा पाण्याखाली सगळ्यांनी एकदम कूस बदलल्यासारखं होतं.
दालकावेच्या खाडीवर अजून अंधार,
पंप घरघरतोय, आणि माझ्या बादल्यांत
चौदा तऱ्हेचे दाणे, दिसायला अगदी सारखे.

सातव्या टाकीतल्या दाण्यात लायसिन कमी आहे.
मुद्दाम. प्रयोगच तो आहे.
सोया आहे, लुपिनचं पीठ आहे, तेल आहे,
बाकी सगळं काठोकाठ,
फक्त हा एक मणी मोजून कमी घातलाय.
मासा माळ ओवायला बसतो,
त्या मण्यापाशी येतो, थांबतो.
पुढचे मणी साठवायला त्याच्याकडे कणगी नाही.
उरलेलं जाळतो
आणि कल्ल्यांतून अमोनिया करून सोडून देतो.
आड भरलेला, पोहरा धड,
दोर तेवढा हातभर तोकडा.

सातव्यातले मासे अधाशासारखे खातात.

वडीलही खातात.
एलेउतेरियो नावाची माणसं आता फार उरली नाहीत,
तीस वर्षं शिंपल्यांसाठी बुड्या मारलेली त्याहून कमी.
एकदा घाईने वर आले, रक्तात बुडबुडे झाले,
उजवा पाय तेव्हापासून दुसऱ्याच कुणाचा.
बटाटे खातात, डुकराचं मांस खातात, दोनदा वाढून घेतात,
मांडी मात्र उतरतच चाललीय.
दर रविवारी मी शिंप्याची टेप गुंडाळते.
एक्केचाळीस.
साडेचाळीस.

दुपारी सूक्ष्मदर्शक.
पाठीवरच्या पराखालचा तुकडा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेला,
त्याचा केसाहून पातळ काप.
काचेवर आडवे कापलेले तंतू दिसतात,
आमच्या बेटावर घरांच्या भिंतींना लाकडाचे खवले ठोकतात ना,
तसे, एकाला एक लागून.
जाड ते जुने.
त्यांच्या फटींत वीस मायक्रॉनहून बारीक काही दिसतं,
ते नवे. मी ते मोजते.
चौथ्या टाकीत शंभरात एकवीस.
सातव्यात तीन.
डोळे चोळून पुन्हा मोजते. तीनच.

माणसाचं असं नसतं.
कास्त्रोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जन्मताना जेवढे दोरे मिळाले जवळजवळ तेवढेच,
जाड होतील, बारीक होतील,
नवा फुटायचा नाही.
मासा वाढत्या वयातही नवे काढत राहतो.
हे मी घरी सांगितलं, ते चुकलंच बहुधा.
वडील चुलीकडे पाय करून बसले होते.
"मग मला चौथ्या टाकीत सोड," म्हणाले, आणि हसले.
किटली उतरवली, दोघांचे कप भरले,
मग बऱ्याच वेळाने,
"त्या सातव्यातल्यांना कुणी सांगितलंय का
काय कमी आहे ते?"

प्रयोग संपायला नऊ दिवस होते.
रात्रपाळीत मी चौथ्या बादलीतली एक मूठ
सातव्या टाकीत टाकली.
एकच. पाणी उकळल्यासारखं झालं,
मग काहीच झालं नाही असं झालं.
एका मुठीने स्नायू होत नाही, हे मलाही कळतं.
आकडा मात्र डागाळतो.
सकाळी वहीत लिहिलं: टाकी सात, एक मूठ, चूक माझी.
खाली नाव, पूर्ण, नेल्दा नाउएल्किन.
मग 'चूक' खोडून 'हात' केलं.
साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.
बोलले काहीच नाहीत.

रविवारी पुन्हा टेप.
मी ती जराशी सैल धरली
आणि म्हटलं, एक्केचाळीस.
वडिलांनी मांडीकडे नाही,
माझ्या बोटांकडे पाहिलं.
"ओढ," म्हणाले.