जे आखलं नव्हतं

मरोळ, चौथा मजला, रात्रीचे पावणेदोन.
एक्स्ट्रॅक्शन संपलं.
मी आखल्या होत्या अठराशे तारा;
मशीनने परत केले एकेचाळीस हजार कपॅसिटर,
त्यातला एकही माझ्या हातचा नाही.

दोन तारा शेजारी ठेवल्या, एवढंच.
तेवढं पुरतं.
एकीने अंग झटकलं की दुसरी दचकते
आणि स्लॅक उणे अकरा पिकोसेकंद.
तेवढ्यात प्रकाश जेमतेम
तांदळाची एक कणी ओलांडतो.

फर्झाना म्हणते, अंतर वाढव.
मुंबईत राहून म्हणते!

पॅरासिटिक.
रिपोर्टात हा शब्द आला की
मला आईचा शब्द ऐकू येतो: बांडगूळ.
तिरोडकरांना म्हणायची.
माहीमला आमची खोली आणि काकांची खोली,
मधल्या अडीच फुटी बोळात त्यांची खाट.
भाडं सहा महिने थकलेलं,
साखर आमची, पेपर काकांचा.
काकू भांडं आपटायची, ते कूस बदलायचे.
बाबा ओरडायचे, ते नुसतं "हं" म्हणायचे
आणि तो आवाज त्यांच्याखाली
कुठेतरी फरशीत जिरायचा.

मग ते लेकीकडे वेंगुर्ल्याला गेले.
आईने खाट उभी केली, बोळ धुतला,
म्हणाली, केवढी जागा झाली.
त्या रात्री पहिल्यांदा
काकू कशी रडते ते आम्हाला कळलं.
आमचं काय काय तिकडे पोचलं
ते विचारायचं राहून गेलं.
मार्चमध्ये मधे वीट चढली.

क्लॉक आणि डेटाच्या मधे
मी एक तार घालते,
दोन्ही टोकं ग्राउंडला बांधलेली.
तिच्यातून काही जाणार नाही.
फुकटात तीही येत नाही:
जागा खाते, क्लॉकला जरा जड करते,
पण रोज तेवढंच, ठरलेलं.
पुन्हा रन.
खिडकीत एक विमान दिवे सांभाळत उतरतं.
कॉफीच्या कपात कालची माशी.

अधिक तीन.

फर्झाना जांभई देत विचारते,
हिला वेगळं नाव द्यायचं का?
ग्राउंडला कसलं वेगळं नाव, मी म्हणते.
ती पाणी आणायला उठते.
लेबलांचा एक थर असतो,
तो सिलिकॉनवर कधीच उतरत नाही.
त्या थरावर, तारेच्या मधोमध,
बारीक अक्षरात लिहिते:
तिरोडकर.